पाच फासे आणि तेरा रकाने

फासा घरात असावा की नसावा, हा आपल्याकडचा फार जुना वाद. महाभारताच्या सभापर्वात जे घडलं त्यानंतर फाशाला उंबऱ्याच्या आत घेऊच नये, असं मानणारी घरं मराठवाड्यात आजही आहेत. आणि त्याच घरांत सांगितल्या जाणाऱ्या कोजागरीच्या व्रतात जागरणाबरोबर अक्षक्रीडाही आहे. दिवाळीच्या पाडव्याला तर द्यूतप्रतिपदा असंच एक नाव आहे.

ज्या खेळाच्या निमित्तानं हा वाद मी इथे मांडतोय, तो फासे टाकून कागदावर लिहायचा खेळ आहे. पाच फासे. पाळी आली की पाचही टाकायचे, हवे ते बाजूला ठेवायचे, उरलेले आणखी दोनदा टाकता येतात. तिसऱ्या फेकीनंतर जे दान समोर असेल ते कागदावरच्या तेरा रकान्यांपैकी एका मोकळ्या रकान्यात लिहायचं. वरचे सहा रकाने एक्क्यांपासून छक्क्यांपर्यंतचे. तिथे त्या त्या आकड्याच्या फाशांची बेरीज लिहितात. खालचे सात असे : तीन सारखे, चार सारखे, तीन-दोन (२५ गुण), लहान ओळ म्हणजे सलग चार आकडे (३०), मोठी ओळ म्हणजे सलग पाच (४०), पाची म्हणजे पाचही सारखे (५०), आणि शेवटचा ‘काहीही’. दान कशातच बसलं नाही तर एका रकान्यात शून्य लिहावं लागतं. तेरा पाळ्या झाल्या, तेरा रकाने भरले, डाव संपला. अमेरिकेत एडविन लो यांनी १९५६मध्ये हा खेळ ‘याट्झी’ नावानं बाजारात आणला, आणि पुढे १९७३मध्ये तो मिल्टन ब्रॅडली कंपनीकडे गेला. पण त्यासाठी डबा विकत घ्यावा लागत नाही. लुडो, सापशिडी यांच्या जुन्या डब्यांतले पाच फासे गोळा केले आणि चौकटीच्या वहीचं एक पान फाडलं की जालन्यातल्या कुठल्याही घरात तो मांडता येतो.

पुढच्या संवादातली आत्या आणि तिचा भाचा ही दोन माणसं मी वादासाठी उभी केली आहेत. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, जालना शहरात राहणारी. भाचा अंबड तालुक्यात मोसंबी आणि कपाशी करणारा. माझं मत आत्याकडे झुकतं, हे आधीच सांगून टाकतो. पण भाच्याचं म्हणणं मला हलकं वाटत नाही, म्हणून ते त्याच्याच तोंडून पुरतं येऊ दिलं आहे.

भाचा : आत्या, लेकरं सुट्टीत तुझ्याकडे असली की मी निर्धास्त असतो. पण यंदा धाकटा घरी आला तो ‘बाबा, मला पाची पडली’ म्हणतच आला. आपल्या घरात फासा चालत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आत्या : ठाऊक आहे. आमच्या अण्णांनी आलेला सोंगट्यांचा पट माळ्यावर टाकून दिला होता. पण का चालत नाही, ते तू एकदा नीट सांग. अण्णांनी कधी सांगितलं नाही.

भाचा : त्यात सांगण्यासारखं काय आहे? धर्मराजासारखा माणूस फाशापुढे बसला आणि भाऊ, बायको, राज्य सगळं घालवून उठला. आपण भोकरदनकडे जाळीच्या देवाला जातो, तिथे काय ऐकतो? चक्रधरस्वामी आधी हरिपाळ होते, द्यूताचा नाद होता, हरले, पैसे चुकवायला बायकोकडे दागिने मागितले, तिनं दिले नाहीत आणि मन संसारातून उठलं. ज्या कथेत देवमाणसाचीही ही गत झाली, तिथे माझ्या नऊ वर्षांच्या पोराच्या हातात फासे कशाला? आणि आता गावात बघ. पारावर बसलेली पोरं एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकाच्या फोनवर कसला तरी डाव. कापसाचे पैसे खात्यात आले की आठ दिवसांत जातात कुठे, ते बापाला कळत नाही.

आत्या : हे शेवटचं जे बोललास ते खरं दुखणं. त्याच्याकडे येऊच. पण आधी वेरूळ. १ मे १९८१ला जालना वेगळा जिल्हा होईपर्यंत आपण आणि वेरूळ एकाच जिल्ह्यात होतो, शाळेच्या सहली तिकडेच जायच्या. एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरमध्ये, शिव-पार्वती फासे खेळत बसलेत. एकोणतिसाव्यात, धुमार लेण्यातही आहेत. खाली नंदी आणि त्याच्या खोड्या काढणारे गण. ज्यांनी ते कोरलं त्यांना महाभारत माहीत नव्हतं का? तरी त्यांनी नवरा-बायकोच्या खेळाला देवळाच्या भिंतीवर जागा दिली.

भाचा : देवांची गोष्ट वेगळी.

आत्या : मग माणसांची घे. तुझी आजी चल्लस-आठ खेळायची. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखायची, चार कवड्या किंवा फोडलेले चिंचोके टाकायची. त्याला तू फासा म्हणत नाहीस, पण काम तेच.

भाचा : ते आपलं होतं. पडवीत बसून सगळ्या बायका खेळायच्या, कुणी सोंगटी मारली की आरडाओरडा. त्यात वाईट काही नव्हतं. हे तुझं तेरा रकान्यांचं बाहेरून आलेलं आहे.

आत्या : कागदावर गुण मांडणं बाहेरून आलं? नाव-गाव-फळ-फूल कशावर खेळलास? राजा-राणी-चोर-शिपाई खेळताना चिठ्ठ्या उडवायच्या आणि मग एकजण वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्यांचे गुण लिहीत बसायचा, तो तूच असायचास. आणि चल्लस-आठ सोड असं मी म्हणत नाही. उलट तिथूनच लेकरांना दाखवलं. चार कवड्या पडायच्या सोळा तऱ्हा. चारही उघड्या पडायची तऱ्हा एकच, दोन उघड्या पडायच्या सहा. म्हणून दोन सारखा येतो आणि चल्लस क्वचित. कवडी काही नेमकी निम्मी-निम्मी पडत नाही, पण अंदाज येतो. आजीला तो अंदाज हातात होता. लेकरांनी तो पाटीवर मांडून बघितला.

इथे मला एक गोष्ट आत्याच्या बाजूनं जोडावीशी वाटते. सापशिडीत खेळणाऱ्याला ठरवायचं असं काहीच नसतं. फासा पडला, तितकी घरं गेलं, शिडी आली तर वर, साप आला तर खाली. आपल्या परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या मोक्षपटाचा तोच आधार आहे, आणि तिथे तो शोभतोही, कारण त्याला कर्म आणि मोक्ष सांगायचा होता. पण खेळ म्हणून बघितलं तर खेळणाऱ्याच्या जागी दुसरं कुणीही बसलं तरी निकाल तोच येईल. याट्झीत तसं होत नाही, आणि त्याचं कारण फाशात नाही, कागदात आहे.

भाचा : असं म्हणतेस, पण शेवटी पडतं ते नशीबच. पाचही सारखे पडले तर पन्नास, नाही पडले तर नाही.

आत्या : परवाचंच दान सांगते. तुझ्या थोरल्या मुलीची पाळी होती. पहिल्या फेकीत पडलं दोन, तीन, चार, सहा, सहा. तू काय ठेवशील?

भाचा : दोन सहा ठेवीन. मोठा आकडा.

आत्या : धाकटाही तेच ओरडला. ती म्हणाली, थांब. दोन-तीन-चार-सहा ठेवले आणि उरलेल्या एका फाशावर पाच आला तर मोठी ओळ, चाळीस गुण. दोन फेका हातात आहेत. दोन फेकांत एकदा तरी पाच येण्याची शक्यता छत्तीसात अकरा, शंभरात साधारण एकतीस. हे तिनं बोटांवर काढलं. मग मी विचारलं, लहान ओळीचं काय? तर दोन-तीन-चार ठेवायचे, दोन्ही सहा उचलून टाकायचे. दोन फाशांत एक किंवा पाच यांपैकी काहीही आलं की सलग चार जुळले. दोन फाशांच्या छत्तीस जोड्या, त्यांतल्या वीस जोड्यांत एक किंवा पाच असतोच. दोन फेका मिळून शंभरात ऐंशी वेळा लहान ओळ लागते. तीस गुण ऐंशीदा, का चाळीस गुण एकतीसदा?

भाचा : मग लहान ओळच घ्यायची.

आत्या : तिनं कागदाकडे बघितलं. लहान ओळीचा रकाना आधीच भरलेला. मोठीचा मोकळा. आणि वर छक्क्यांचा रकानाही मोकळा. आता बोल. फासे तेच आहेत, तुझ्यापुढेही तेच, तिच्यापुढेही तेच. तुझा कागद वेगळा असता तर तू वेगळं केलं असतंस. नशिबानं काय दिलं ते सगळ्यांना दिसतं; आपण आधी काय लिहून बसलोय ते ज्याच्या त्याच्या कागदावर असतं.

भाचा : तिनं काय ठेवलं?

आत्या : दोन सहा. वर त्रेसष्ट किंवा जास्त झाले की पस्तीस जादा मिळतात ना, ते तिच्या डोळ्यांपुढे होते. त्रेसष्टच का, हेही तिनंच शोधलं. प्रत्येक आकड्याचे तीन-तीन फासे मिळाले तर एक ते सहाची बेरीज एकवीस, तिच्या तिप्पट त्रेसष्ट. मी फळ्यावर वर्षानुवर्षं बेरजा, गुणाकार शिकवले. पण ‘हा आकडा इथे का आहे?’ असं कुठल्या पोरानं आपण होऊन विचारलं, असं फार कमी वेळा झालं.

भाचा : तू शिक्षिका आहेस, तुला यात गणित दिसतं. मला यात काय दिसतं ते सांगू? आमच्या गावातला जो मुलगा रमीच्या ॲपवर बुडाला, तोही हेच म्हणायचा. ‘काका, हा जुगार नाही, यात डोकं लागतं.’ कंपन्याही हेच म्हणत होत्या. १८८७च्या जुगारबंदीच्या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला मोकळीक आहे, त्याच वाटेनं सगळे आत शिरले. लुडोत नशीब किती, कौशल्य किती, यावर मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत माणसं गेली. आणि तू माझ्या लेकरांना शक्यता मोजायला शिकवतेस. शक्यता मोजता येते असं ज्याला वाटलं, तो फाशाला घाबरायचा थांबतो. मला ते नको आहे. त्यानं घाबरलेलंच बरं.

आत्याला हे लागलं असणार. हा सगळ्या वादातला सगळ्यात धारदार मुद्दा आहे आणि तो सहज बाजूला सारता येत नाही. आत्या त्याला नलाची गोष्ट सांगते, ती सांगणं तिला भागच होतं.

आत्या : नलाची आठवण कर. पुष्करापुढे सगळं हरला, दमयंतीला रानात सोडून गेला, कारण अंगात कली शिरला होता. पुढे बाहुक नावानं ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाला, कुंडिनपूरला जाताना वाटेत बेहड्याचं झाड लागलं. राजानं रथातूनच सांगितलं, या दोन फांद्यांवर फळं २०९५. नलानं रथ थांबवला, झाड तोडलं, मोजून बघितलं, बरोबर तितकीच. मग नलानं त्याला घोड्यांची विद्या दिली आणि त्याच्याकडून फाशांची विद्या घेतली. ती विद्या मिळताच कली अंगातून बाहेर पडला आणि त्याच बेहड्यात जाऊन लपला. जुन्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत. व्यासांनी काय सांगितलंय बघ : मोजता यायला लागलं आणि कली निघून गेला.

भाचा : आणि त्यानंतर? पुढचं तू सांगत नाहीस, आत्या. नल परत गेला, पुष्कराला पुन्हा डावाला बसवलं आणि पणाला काय लावलं? मिळवलेलं धन आणि दमयंती. ज्या बाईनं त्याच्यासाठी इतके हाल सोसले, ती पुन्हा पटावर. जिंकला म्हणून गोष्ट गोड झाली. विद्या आली, पण पण लावायची सवय गेली नाही.

आत्या : हे तुझं बरोबर आहे.

भाचा : मग?

आत्या : मग मी मोजण्याचा मुद्दा सोडते. मोजता आलं म्हणून कुणी वाचत नाही, हे मला मान्य. नल मोजून जिंकला आणि धर्मराज न मोजता हरला, पण पटावर माणूस दोघांनीही ठेवलं. आणि तुझ्या त्या पोराला रमी खरंच चांगली येत असेल, तरी तो बुडालाच. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात तर खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्नच ठेवला नाही. पैसे लावले की बंद. मला ते पटलं. इतकी वर्षं आपण चुकीच्या जागी भांडत होतो.

भाचा : म्हणजे तू माझ्या बाजूला आलीस.

आत्या : थांब. आता मला सांग, धर्मराज पहिल्या द्यूतात सगळं हरला. धृतराष्ट्रानं द्रौपदीला वर देऊन सगळं परत केलं. पांडव निघाले. तिथे गोष्ट संपली का?

भाचा : नाही. परत बोलावलं. अनुद्यूत झालं.

आत्या : परत बोलावलं आणि तो परत गेला. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास तिथे आला. मला त्या सभेतली सगळ्यात भयंकर गोष्ट ती वाटते. पट उचलून ठेवायची वेळ कुणालाच ठरवता येत नव्हती. त्या पोराच्या फोनवरही हेच आहे. डाव हरला की खाली लगेच दुसरा डाव तयार असतो, जिंकला तरी तयार असतो. झोप आली तरी संपत नाही, पैसे संपले तरी उसने घेऊन चालू. आता या कागदाकडे बघ. तेरा रकाने. तेरावा भरला की तुझ्या हातात कितीही चांगले फासे असोत, टाकायला जागा नाही. बेरीज करायची, कागद बाजूला ठेवायचा. नवा कागद घेतलास तर तो कोरा असतो, कालचं देणं त्यावर येत नाही. कुणी जास्त पैसे देऊन चौदावी पाळी विकत घेऊ शकत नाही. मी फासा लेकरांच्या हातात देते, तो या कागदासकट देते. कागदाशिवाय कधीच देणार नाही.

या जागी माझं मत आत्याशी पूर्ण जुळतं. फासा चांगला की वाईट, नशीब की अक्कल, या प्रश्नांभोवती आपण फार फिरलो. घरातला खेळ आणि जुगार यांच्यामधली रेघ मला दोनच ठिकाणी दिसते : काही पणाला लावलंय का, आणि डावाला शेवट आहे का. गुण लिहायचा कागद ही दुसरी अट आपोआप पाळतो. म्हणूनच हा खेळ फोनवर खेळला तर मला तो तितका आवडत नाही. तिथे बेरीज यंत्र करतं, कुठला रकाना फायद्याचा ते यंत्र सुचवतं आणि संपल्यावर लगेच नवा डाव पुढे करतं.

कागदाबद्दल आणखी थोडं. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली तिथे जन्मलेल्या या माणसानं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं, पोथी कशी लिहावी यावर लिहिला. पान नेटकं असावं, वाचणाऱ्याला अडखळू नये, याची इतकी काळजी ज्या मातीत घेतली गेली, तिथल्या लेकरांना रकान्यात एकाखाली एक आकडे नीट मांडायला लावणं मला योग्यच वाटतं. एकाचा शेंडा लांबला की तो साताचा दिसतो आणि बेरजेत सहा गुण वाढतात. मग शेजारी बसलेली बहीण हरकत घेते आणि दोघं मिळून सगळी बेरीज पुन्हा करतात. जालन्याच्या मोंढ्यात पिढ्यान् पिढ्या मुनीम मंडळींनी हेच काम केलं.

भाचा : डाव संपतो, हे मी मानलं. पण अजून एक सांगतो आणि ते मी पुस्तकातून आणलेलं नाही. आत्या, माझ्याकडे फासा दर जूनमध्ये पडतो. पहिला पाऊस झाला की पेरायचं की थांबायचं? पेरलं आणि पावसानं ओढ दिली तर दुबार पेरणी, बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा. थांबलो आणि पाऊस लागून राहिला तर वाफसा मिळत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं लोकांनी कुऱ्हाडीनं तोडली. टँकरनं पाणी घालून ज्यांनी जगवल्या त्यांनी कर्ज काढलं, ज्यांनी सोडल्या त्यांनी बाग घालवली. दोन्हीकडे नुकसानच. ते ज्यानं बघितलंय, त्याला फासे टाकून टाळ्या वाजवणारं पोर बघवत नाही.

आत्या : मी तुला त्यावर काही शिकवणार नाही. शेताची आणि खेळाची बरोबरी मी करत नाही, करूही नये. तुझ्या रकान्यात शून्य आलं की सोसायटी विचारते, दुकानदार विचारतो. इथे कुणी विचारत नाही. पण एक बघितलं ते सांगते. धाकट्याला पहिल्या डावात शून्य लिहायची वेळ आली. दान कशातच बसेना. त्यानं पेन्सिल पाठीमागे लपवली. म्हणाला, ही पाळी धरायची नाही. मग खोडरबर मागितला. मी म्हटलं, या खेळात खोडरबर नाही. कुठल्या रकान्यात शून्य लिहायचं ते तू ठरव, पण लिहायचं. पाच मिनिटं रडला. मग पाचीच्या रकान्यात शून्य लिहिलं, कारण पाची पडणं अवघड आहे हे त्याला कळलं होतं. एका फेकीत पाचही सारखे पडायची शक्यता १२९६त एक. तीनही फेका त्याच्यामागे घातल्या तरी शंभरात चार-पाच वेळाच.

भाचा : मग ‘पाची पडली’ म्हणत आला तो?

आत्या : ती नंतरच्या डावातली. आणि पहिल्या डावात शून्य लिहूनही तो तिघांत दुसरा आला. ते त्याच्या लक्षात राहिलं.

भाचा : आणि सगळं अगदी बरोबर खेळलं तर? किती गुण होतात?

आत्या : लोकांनी संगणकावर सगळ्या शक्यता मांडून बघितल्यात. प्रत्येक पाळीला सर्वांत योग्य तेच केलं तरी सरासरी अडीचशेच्या थोडं वर, २५४च्या आसपास. जादा पाचींचे गुण धरले नाहीत तर कागदावर जास्तीत जास्त ३७५ लिहिता येतात. म्हणजे चांगल्यात चांगला खेळणाराही नशिबाच्या हातून सुटत नाही आणि सात वर्षांचं पोर एखादे दिवशी आजोबांना हरवतं. बुद्धिबळात हे होत नाही. तिथे मला चांगलं येतं म्हणून लेकरं माझ्याशी खेळायला कंटाळतात.

भाचा : पण एकाची पाळी चालू असताना बाकीचे काय करतात? मी बघितलंय, धाकटी नुसती लोळत असते.

आत्या : ही खरी अडचण आहे. चौघं असले की पाळी यायला वेळ लागतो. त्यासाठी दुसरा एक खेळ आहे, ‘क्विक्स’ म्हणतात. जर्मनीतल्या श्टेफेन बेनडॉर्फ यांनी २०१२मध्ये काढला, पुढच्या वर्षी तिथल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. सहा फासे, दोन पांढरे आणि चार रंगांचे. कुणीही टाकले तरी दोन पांढऱ्या फाशांची बेरीज सगळ्यांना वापरता येते. कागदावर चार रंगांच्या ओळी, लाल आणि पिवळी दोनापासून बारापर्यंत, हिरवी आणि निळी उलटी. आकड्यांवर फुली मारत एकाच दिशेनं जायचं. सातावर फुली मारली की मागच्या पाचावर येता येत नाही. पांढरे फासे आपल्याकडे होते, बाकीचे मुलींनी नखांच्या रंगानं रंगवले. त्यात धाकटीला लोळायला वेळ मिळत नाही. पण मला स्वतःला तेरा रकान्यांचा कागदच आवडतो. तिथे विचार करायला सवड मिळते.

भाचा : बरं. मी अट घालतो. पैसा नाही, हे तर आहेच. पण चॉकलेट नाही, गोट्या नाहीत, शेंगदाणेसुद्धा नाहीत. पाडव्याला घरोघर शेंगदाण्यांपासूनच सुरुवात होते, मी बघितलंय.

आत्या : शेंगदाण्यांवर मी भांडले असते. आम्ही लहानपणी चिंचोके लावून खेळायचो, कुणी बिघडलं नाही. पण तुझ्या लेकरांच्या बाबतीत तुझा शब्द. नुसते गुण.

भाचा : आणि एका बैठकीला दोनच कागद.

आत्या : तीन. तिघं आहेत ते. प्रत्येकाला एकदा जिंकायची संधी हवी.

भाचा : तीन तर तीन. त्यापुढे एकही नाही. आता हे सांग, सुरुवातीच्याच पाळीला काही जमलं नाही तर शून्य कुठे लिहायचं? पाचीतच?

आत्या : पाचीत नको, ती नंतर कधीही पडू शकते. आणि पहिल्याच पाळीला शून्य लिहावं लागतच नाही, ‘काहीही’ मोकळा असतो. पण तो शेवटासाठी राखून ठेवावासा वाटतो. मग दानात एखादा जरी एक्का असला तर एक्क्यांत एकच गुण लिहून टाकायचा. तिथे सगळं जमलं असतं तरी पाचच मिळाले असते.

भाचा : मग वरचे पस्तीस गेले. त्रेसष्टला दोन कमी पडणार.

आत्या : दोन कमी पडणार हे तू लगेच काढलंस. आता भरपाई कशी होते ते काढ.

भाचा : बाकी सगळ्यांचे तीन-तीन धरले तर… दुर्र्या तीनाऐवजी चार आल्या की दोन भरले. छक्क्या चार आल्या तर सहा वाढतात, मग एखाद्या पंजीची कमतरताही निघून जाते.

आत्या : तेवढ्यासाठीच थोरलीनं दोन सहा ठेवले होते.

भाचा : किती आल्या तिला?

आत्या : तीन. चौथी आली नाही. शेवटी त्रेसष्टला एक कमी पडला, बासष्टवर अडकली. बोनस गेला, डावही गेला. आता रविवारी तू आणायला येशील तेव्हा तिला विचार कुठे कमी पडलं ते. कागद तिनं ठेवलाय.

भाचा : विचारीन. पण शेंगदाणे नाहीत, हे त्यांना तूच सांग. मी सांगितलं तर आधी भांडतील.